खुडूक बसलेल्या कालिंदीचे आजारपण

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी कोंबडी आणि आजारी कोंबडी यांच्यात वरवर पाहता फारसा फरक दिसत नाही. दोघीही एका जागी तासन्‌तास बसून राहतात, दाण्यापाण्याकडे पाठ फिरवतात, पिसे फुलवून डोळे अर्धवट मिटतात. खुडूक कोंबडी हात जवळ नेताच अंगावर येते, टोच मारते आणि घशातून खुडखुड करीत आपला राग जाहीर करते, तर आजारी कोंबडीच्या अंगात तेवढे त्राण नसते, एवढ्यावरून त्या दोघी ओळखता येतात. परंतु एकच कोंबडी खुडूकही असेल आणि आजारीही असेल, तर तिचे आजारपण तिच्या खुडूकपणाच्या आड बेमालूम लपते, आणि घरातली सगळी माणसे 'बसू दे बिचारीला, तिला त्रास देऊ नका' असे म्हणत तिला अधिकच एकटी सोडतात. आमच्या कालिंदीच्या बाबतीत याच गोष्टीशी यंदाच्या फाल्गुनात गाठ पडली, आणि तिच्यावर केलेले उपचार व त्यामागचा विचार सविस्तर लिहावा असे वाटले.

इंदूरहून महूकडे जाताना राऊ लागते. तेथे आमचे घर आहे आणि घरामागे बऱ्यापैकी मोकळी जागा असल्याने चार-सहा कोंबड्या बाळगण्याची हौस आम्हाला परवडते. कालिंदी ही त्यांतली एकमेव कडकनाथ. ही जात झाबुआ, अलीराजपूर आणि धार या पट्ट्यातली. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकनही मिळाले. पिसे, त्वचा, तुरा, चोच, जीभ, पाय, इतकेच नव्हे तर मांस आणि हाडांवरचे आवरणसुद्धा काळे, म्हणून तिकडचे भिल्ल लोक तिला 'काली मासी' म्हणतात. अंडी मात्र काळी नसतात, फिकट मलईच्या रंगाची असतात. मोबाईलवर फिरणारी काळ्याकुट्ट अंड्यांची छायाचित्रे पाहून आमच्याकडे अंडे बघायला आलेल्या पाहुण्यांचा दरवेळी विरस होतो, त्याला माझा इलाज नाही.

कडकनाथ कोंबडी वर्षाला शंभराच्या आसपास अंडी देते. पण ती स्वतः खुडूक क्वचितच बसते, आणि म्हणून झाबुआकडे तिची अंडी बहुधा साध्या गावरान कोंबडीखाली ठेवून उबवतात. त्यामुळे कालिंदी अंडी देण्याच्या खोक्यातून उठेनाशी झाली आणि पोटाखालची पिसे उपटून घरटे मऊ करू लागली, तेव्हा घरात एकच कौतुक झाले. आमच्याकडे बागकामाला येणाऱ्या बाई मूळच्या अलीराजपूरच्या. त्यांनी मात्र मान हलवून सांगितले, "मासी बैठती नहीं भाभी, और बैठ गई तो फिर उठती नहीं।" त्या बोलण्यात कौतुकापेक्षा काळजी अधिक होती.

सासूबाईंचे माहेर धारजवळच्या खेड्यातले, आणि कोंबडी रवणाला बसवण्याचा त्यांचा अनुभव माझ्या वयापेक्षा जुना आहे. महाशिवरात्रीनंतर लगेच बसवावी, कारण एकवीस दिवसांनी पिल्ले निघतात आणि ती थोडी सावरेपर्यंत उन्हाचा कडाका सुरू झालेला नसतो, असा त्यांचा हिशेब. तो अगदी शास्त्राला धरून आहे. कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते आणि तिच्या पोटाखालच्या अंड्याला साधारण साडेसदतीस अंश ऊब मिळावी लागते. वैशाखात माळव्यात दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा अंड्यांना ऊब देण्याऐवजी त्यांना तापू न देण्याचे काम कोंबडीवर येऊन पडते. त्या मानाने फाल्गुन हा सोयीचा महिना. शेजारच्या गावातून फलित अंडी आणली आणि आईंनी मुहूर्त पाहून, संध्याकाळ उलटल्यावर, दहा अंडी कालिंदीखाली सरकवली. त्याच वेळी तिला पिशवीत घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी तिचे वजन करून घेतले. सव्वा किलो भरले. आईंना हा प्रकार पोरकट वाटला. पण शाळेत अनेक वर्षे विज्ञान शिकवल्यावर आरंभीची नोंद न करता कोणतीही गोष्ट सुरू करणे मला जमत नाही.

पहिला आठवडा सुरळीत गेला. खुडूक कोंबडीच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढलेले असते. ते अंडी घालणे थांबवते आणि बसण्याची ओढ निर्माण करते. ती दिवसातून एकदा, फार तर दोनदा उठते, घाईघाईने थोडे खाते, पाणी पिते, मातीत लोळते, दिवसभर रोखून धरलेली भली मोठी आणि अतिशय दुर्गंधी शीट टाकते आणि परत जाऊन बसते. ही एवढी मोठी शीट पाहून नवखे लोक घाबरतात, पण ती खुडूकपणाची नेहमीची खूण आहे. या काळात वजनही घटते, कारण ती अंगातल्या चरबीवरच दिवस काढत असते. म्हणजे कमी खाणे, कमी हालचाल आणि वजन घटणे या तिन्ही गोष्टी, ज्या एरवी कोंबडी आजारी असल्याच्या पक्क्या खुणा मानल्या जातात, त्या इथे अगदी स्वाभाविक ठरतात. मग आजार ओळखायचा कशावरून?

दुसऱ्या आठवड्यात मला खटकलेली पहिली गोष्ट अशी की, कालिंदी टोच मारेनाशी झाली. हात नेला की फक्त एक डोळा उघडून पाहायची आणि परत मिटायची. आईंच्या मते ती आता माणसाळली होती. मला ते पटले नाही. दिवस भरत जातील तशी कोंबडी अधिक चिडखोर होते, शांत होत नाही. दुसरी गोष्ट रात्रीची. एकदा उशिरा खुराड्याचे दार नीट लागले आहे की नाही हे पाहायला गेले, तर ती घरट्याच्या बाहेर, खोक्याच्या कडेवर उभी होती आणि एकसारखे पाय झाडत होती. रात्रीच्या अंधारात अंडी सोडून उभी राहिलेली खुडूक कोंबडी मी तोपर्यंत पाहिलेली नव्हती. दिवसा मात्र ती पुन्हा जागेवर.

इथे कडकनाथचा रंग आडवा येतो. कोणत्याही साध्या कोंबडीच्या अंगात रक्त कमी झाले की तिचा तुरा आणि गालाखालच्या लोळ्या फिकट पडतात. लाल तुरा गुलाबी होतो, मग पांढुरका, आणि घरातल्या लहान मुलालाही ते कळते. कालिंदीचा तुरा काळा, तोंडाच्या आतला भाग काळा, पापण्यांची कडही काळी. फिकटपणा दिसायला मुळात लाल रंग दिसावा लागतो, आणि तो तिच्या अंगावर कुठेच नाही. डोळ्यांनी पाहून निदान करण्याचा राजमार्गच बंद झाल्यावर उरतात ते हात आणि काटा. छातीच्या मधल्या हाडावरून बोटे फिरवली तर दोन्ही बाजूंचे मांस इतके ओसरलेले होते की हाडाची धार बोटाला लागत होती. वजन केले, तर दुसरा आठवडा संपण्याआधीच ते जितके उतरायला हवे होते त्याहून पुष्कळच जास्त उतरलेले.

खरा उलगडा अंड्यांनी केला. ती उठलेली असताना एक अंडे उचलून खिडकीजवळ उजेडात धरले, तर त्या मलईच्या रंगाच्या कवचावर लाल-काळे बारीक ठिपके दिसले, तिखटाची चिमूट उडाल्यासारखे. नखाने खरवडल्यावर ते निघत होते, म्हणजे ते कवचाच्या रंगातले नव्हते. त्या रात्री जेवणे आटोपल्यावर विजेरी घेतली आणि एक पांढरा, धुतलेला हातरुमाल घेऊन खुराड्यात गेले. खोके जुन्या सागवानी फळ्यांचे होते. दोन फळ्यांच्या मधल्या फटीवरून रुमालाचे टोक दाबून ओढले, तर त्यावर तांबडी रेघ उमटली. फटीत विजेरीचा झोत टाकला तेव्हा आत राखाडी आणि लाल कणांचा थर चालताना दिसला; जे उपाशी होते ते राखाडी, जे पिऊन आलेले ते लाल. मिनिटाभरात दोन-तीन माझ्या मनगटावर चढले. कोंबडीच्या काळ्या पिसांत दिवसा शोधून एकही सापडला नव्हता, याचे कारण उघड होते. लाल माइट नावाचे हे रक्त पिणारे बारीक किडे दिवसभर फटीत दडून राहतात आणि अंधार पडल्यावरच रक्त प्यायला बाहेर येतात. उवा तशा नसतात. त्या पक्ष्याच्या अंगावरच राहतात, शेपटीखालच्या पिसांच्या मुळाशी लिखांचे पुंजके करतात आणि दिवसाही सापडतात.

आता या किड्याचे जीवनचक्र आणि कोंबडीचे एकवीस दिवस एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. उबदार हवेत लाल माइटची एक पिढी साधारण आठवड्याभरात पुरी होते. एरवी कोंबडी फक्त रात्री दांडीवर बसायला येते, सकाळी निघून जाते, आणि तिला निदान रोज जागेवरून हलण्याची मोकळीक असते. खुडूक कोंबडी मात्र त्याच खोक्यात तीन आठवडे मांडी ठोकून बसते, म्हणजे माइटच्या तीन पिढ्यांना घरपोच जेवण मिळते, तेही अशा कोंबडीचे जी स्वतः अर्धपोटी आहे, जी धूळस्नानाला जेमतेम वेळ काढते आणि जिच्या छातीवरची पिसे गळून कातडी उघडी पडलेली आहे. त्यातून पिल्ले निघालीच तर त्यांच्या अंगात रक्त ते किती! भरपूर माइट असलेल्या घरट्यात लहान पिल्ले दगावतात, कधी कोंबडीही दगावते, आणि पुष्कळदा त्याआधीच ती अंडी टाकून निघून जाते. एरवी चिवट म्हणून नावाजलेली कोंबडी अंडी सोडते तेव्हा 'चांगली बसली नाही' असा ठपका तिच्यावर येतो. फळ्यांच्या फटी मात्र कोणी पाहत नाही.

बातमी पसरली तसे उपायही आले. कोणी म्हणाले पंखांना रॉकेल चोळा, कोणी तंबाखूचे पाणी सुचवले, एका गृहस्थांनी घरट्यात डांबराच्या गोळ्या टाकण्याचा सल्ला दिला. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि आतला जीव त्यांतूनच श्वास घेतो, ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की या तिन्ही उपायांचा निकाल लागतो. तंबाखूतले निकोटीन तर कोंबडीलाच विष आहे. कडुनिंबाचा ओला पाला तेवढा निरुपद्रवी म्हणून मी घेतला, त्याने फार काही होईल अशी अपेक्षा न ठेवता. शेजारच्या घरातून वेगळीच शंका आली: 'बर्ड फ्लू तर नाही ना?' ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०२१ च्या जानेवारीत बर्ड फ्लूच्या बातम्या देशभर होत्या, तेव्हा इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात मेलेल्या कावळ्यांमध्ये एच५एन८ विषाणू सापडला होता आणि ते दिवस इथल्या लोकांच्या चांगले लक्षात आहेत. पण बर्ड फ्लू किंवा मानमोडी (राणीखेत रोग) कोंबड्यांत शिरली की एकटी कोंबडी हळूहळू खंगत नाही. भराभर अनेक आजारी पडतात आणि पटापट मरतात. आमच्या बाकीच्या कोंबड्या अंगणभर उकरत हिंडत होत्या. हे समजावून सांगितले, तरी रंगपंचमीपर्यंत त्या घरची मुले आमच्या कुंपणाकडे फिरकली नाहीत.

महूला १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि राऊहून ते जवळ पडते. कालिंदीला तिच्या अंड्यांवरून उचलून गाडीतून नेणे टाळावे म्हणून आधी तिची ताजी शीट एका डबीत, आणि माइट पारदर्शक चिकटपट्टीवर चिकटवून घेऊन गेले. डॉक्टरांनी शीट सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, जंतांची अंडी आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) दोन्ही नाहीत याची खात्री केली, चिकटपट्टीवरचे किडे पाहिले आणि मग माझ्यापुढे तीन वाटा ठेवल्या. पहिली, अंडी काढून घेऊन तिचा खुडूकपणा मोडायचा. दुसरी, अंडी दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली किंवा यंत्रात हलवायची. तिसरी, तिला बसू द्यायचे, पण घरटे मुळापासून बदलायचे आणि तिच्या वजनावर रोज लक्ष ठेवायचे. सुरुवातीच्या वजनाचा पाचवा हिस्सा घटला, म्हणजे तिच्या बाबतीत काटा एक किलोवर आला, की अंड्यांत काय आहे याचा विचार न करता तिला उठवायचे, असे त्यांनी बजावले. काट्यावरची ती आरंभीची नोंद आईंना पोरकट वाटली होती, तीच आता कामाला आली. हे मी त्यांना ऐकवले, आणि त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

औषधाबाबत डॉक्टरांचे म्हणणे मला फार शहाणपणाचे वाटले. लाल माइट कोंबडीवर नव्हे, लाकडात राहतो, तेव्हा औषध लाकडाला द्यायचे, कोंबडीला नाही. अशक्त, अर्धपोटी आणि अंड्यांवर बसलेल्या कोंबडीच्या कातडीवर औषध ओतण्याची घाई करू नये. तिला फक्त पाण्यातून देण्याचे जीवनसत्त्वांचे द्रव औषध मिळाले.

त्याच रात्री घरटे हलवले. खुडूक कोंबडीची जागा बदलायची तर ती अंधारातच, नाहीतर ती उजाडताच जुन्या जागी धावते. वेताची नवी टोपली, तळाशी चाळलेली कोरडी माती आणि राख, वर सुके गवत, मध्ये कडुनिंबाचा पाला. ठेवायची जागा खुराड्यापासून दूर, मागच्या पडवीत, आणि टोपली विटांवर, भिंतीला न टेकवता. अंडी एकेक करून कोरड्या फडक्याने पुसली. पाण्याने धुतली नाहीत, कारण कवचावरचे नैसर्गिक आवरण धुऊन गेले की जंतूंना आत शिरायला वाट मिळते. पुसतानाच प्रत्येक अंडे विजेरीवर धरून पाहिले. त्या सुमाराला जिवंत अंड्यात काळसर गोळा, त्याभोवती शिरांचे जाळे आणि बोथट टोकाला हवेची मोकळी जागा दिसते. पारखून पाहिले तर एखादी हालचालही दिसते. दहांपैकी दोन अगदी नितळ, म्हणजे फलितच नसलेली; आणखी दोनांत रक्ताची कडी धरलेली, म्हणजे आतला जीव आधीच गेलेला. ती चारही बाजूला काढली. सहा अंडी झाकायला तिला अंग फारसे ताणावे लागणार नव्हते, हाही त्यातला एक फायदा.

कालिंदीला उचलताना आईंनी माझा हात धरला आणि आधी तिचे दोन्ही पंख हळूच वर करून पाहायला लावले. पंख आणि कूस यांच्या मध्ये एक अंडे अडकलेले होते. तशीच उचलली असती तर ते गळून बाकीच्यांवर आपटले असते. पन्नास वर्षांचा अनुभव म्हणतात तो अशा ठिकाणी दिसतो. नाकात पीस खुपसून किंवा पाण्यात बुचकळून खुडूक मोडण्याचे जे जुने उपाय आई सांगतात ते मला अजिबात मान्य नाहीत आणि मी त्यांना तसे स्पष्ट सांगतेही, पण पंखाखाली पाहण्याची ही रीत मात्र प्रत्येकाने शिकून घ्यावी.

जुने खोके दुसऱ्या दिवशी उन्हात काढून फळी-फळी सुटी केली, फटींत उकळते पाणी ओतले, वाळल्यावर डॉक्टरांनी लिहून दिलेले पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक औषध हातमोजे आणि तोंडाला फडके बांधून मारले, आणि खुराड्याच्या भिंतींना चुना दिला. एवढ्याने काम संपत नाही. औषधाने किडे मरतात, त्यांची अंडी बहुधा मरत नाहीत. म्हणून आठवड्याभराने, नवी पिढी अंड्यांतून बाहेर पडते पण स्वतः अंडी घालू लागलेली नसते त्या बेताला, दुसरा हात द्यावाच लागतो. आणि खुराडे नुसते रिकामे ठेवून हे किडे उपासमारीने मरतील अशी आशा धरण्यात अर्थ नाही. रक्ताच्या थेंबाशिवाय ते कित्येक महिने तग धरतात.

मग रोजचा क्रम सुरू झाला. सकाळी ऊन पडवीत आले की कालिंदीला पंखाखाली हात घालून उचलायचे आणि अंगणात दाण्यासमोर ठेवायचे, कारण आपण होऊन उठण्याइतकी शक्ती किंवा इच्छा तिच्यात उरली नव्हती. पहिल्या दिवशी जमिनीवर ठेवली तरी ती बसल्याच आकारात राहिली, जणू खाली अजून अंडी आहेत. पाण्याचा वाडगा चोचीला लावला तेव्हा प्यायली. शीट टाकून झाल्यावर आणि खाण्याआधी वजन, म्हणजे रोजची तुलना खरी होते. खायला भरडलेला मका, ज्वारी, आणि दह्यात कालवलेला उकडलेल्या अंड्याचा चुरा. अंडे कोंबडीला घालायचे हे आईंना विचित्र वाटले, पण रक्त भरून यायला प्रथिने लागतात आणि त्यासाठी याच्याइतके पचायला हलके दुसरे काही नाही. वर शेवग्याचा कोवळा पाला बारीक चिरून. जबरदस्तीने चोच उघडून भरवावे असा आग्रह घरात झाला. मी तो मोडून काढला. गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीला हात लावला की तिने आपणहून काही खाल्ले आहे की नाही हे कळते, आणि जोवर ती पिशवी संध्याकाळी थोडी तरी भरलेली लागते तोवर भरवण्याची गरज नसते. अशक्त कोंबडीच्या घशात पाणी किंवा पातळ अन्न ओतले तर ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

धूळस्नानासाठी एका पसरट घमेल्यात चाळलेली माती आणि चुलीची थंड, कोरडी राख ठेवली होती. त्यात ती सुरुवातीला नुसती उभी राहायची. मग एका सकाळी तिने एका कुशीवर कलून पंखाने माती अंगावर उडवली, दुसऱ्या कुशीवर वळली, आणि आईंनी पडवीतूनच सांगितले, "आता जगते बघ ही." काटा मात्र तेव्हाही खालीच चालला होता. तो एक किलोच्या इतका जवळ आला की यजमानांनी महूच्या एका ओळखीच्या माणसाकडे अंडी उबवण्याच्या यंत्रात जागा ठेवायला सांगितली. अंडी भरत आली आहेत, आता थोडक्यासाठी कशाला उठवता, असे घरात मत होते. मला तो युक्तिवाद पटत नव्हता. सहा अंडी पुन्हा आणता येतात. कोंबडी गेली तर ती गेली, आणि तिच्यामागे अंडीही थंड पडतात. कोणतेही अंडे कोंबडीच्या जिवाच्या बदल्यात घ्यायचे नाही, हे ठरलेले होते आणि ठरवताना कोणाच्या मनाची घालमेल नव्हती, म्हणूनच आकडा आधी ठरवून ठेवणे चांगले.

वजन त्या आकड्यापर्यंत पोहोचले नाही. एका दिवशी ते जिथे होते तिथेच राहिले, पुढे किंचित वाढले. रात्री टोपलीच्या वेतावरून पांढरा रुमाल फिरवला तर तो पांढराच निघाला. आणि त्याच सुमाराला अंडी तपासायला हात घातला, तर तिने माझ्या तर्जनीवर रक्त येईल अशी टोच मारली. इतका आनंद देणारी जखम मला दुसरी आठवत नाही.

शेवटचे तीन दिवस अंड्यांना हात लावायचा नसतो. पिल्लू कवचात आपली जागा धरून बसलेले असते. कालिंदीला उठवणेही थांबवले आणि दाणापाणी टोपलीच्या कडेला, मान लांबवून पोहोचेल असे ठेवले. कवचाला पहिली चीर पडल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत दिवस-दीड दिवस लागू शकतो, आणि त्या वेळात मदत करण्याच्या उत्साहाने कवच सोलू नये, कारण आतल्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या अजून आटलेल्या नसतात. चार पिल्ले निघाली. पाचव्या अंड्याला चीर पडली पण ते पुढे सरकले नाही, सहाव्यात हालचालच नव्हती. पिल्ले काळी-निळसर, पोटाखाली थोडी फिकट. पहिल्या आठवड्यात त्यांना मानमोडीची लस डोळ्यांत थेंब घालून दिली.

कोंबडी पिल्लांना घेऊन हिंडू लागली की आजारपण संपले असे समजू नये. कालिंदीचे छातीचे मांस भरायला पिल्ले निघण्यापेक्षा जास्त वेळ लागला, आणि पिल्लांना हाक मारून स्वतः सापडवलेला किडा त्यांच्यापुढे टाकण्याची तिची सवय पाहता तिला वेगळे खाऊ घालावे लागले. डालग्याखाली ती एकटी आणि तिचा वाडगा, बाहेर पिल्ले आणि त्यांची कणी, असा बंदोबस्त रोज थोडा वेळ केला. दोन्हीकडून आरडाओरडा व्हायचा.

ज्येष्ठ लागण्याआधीच, भर उन्हात, ती पुन्हा खुडूक झाली. या खेपेस कोणाचेही मत न घेता मी तिला जाळीच्या तळाच्या, चारी बाजूंनी वारा खेळणाऱ्या पिंजऱ्यात ठेवले. पोटाखालून हवा लागत राहिली आणि घरट्याची ऊब मिळेनाशी झाली की खुडूकपणा काही दिवसांत उतरतो, आणि तिचाही उतरला. यापुढे तिची अंडी, अलीराजपूरच्या बाईंच्या गावाकडे करतात तशी, आमच्या तांबड्या गावरान कोंबडीखाली ठेवायची असे ठरले आहे. तांबडीचा तुरा लालभडक आहे. तिच्यात काही कमी-जास्त झाले तर निदान ते दिसेल तरी. तिच्यासाठी वेताची दुसरी टोपली आणली आहे आणि तिचे वजन वहीत लिहून ठेवले आहे.